पेटीवरचा नारळ

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. काना-मात्रा चुकतात, अक्षर वाकडं येतं. थोरल्या जाऊबाई जाऊन दोन महिने होतील. त्यांच्याविषयी तोंडानं सांगणं जमत नाही, म्हणून पोरीच्या जुन्या वहीत लिहिते आहे.

त्यांना मी अक्का म्हणायची. निमोण्याला आमच्या चुली दोन, अंगण एक. अक्का गेल्या त्या पहाटे मधमाश्यांच्या आठ पेट्या पिकअपमध्ये घालून आम्ही दौंडकडं निघालो. पेट्यांच्या आत माश्या घुमत होत्या. अक्का नेहमी वाटेत काहीबाही गुणगुणायच्या.

अक्कांचं माहेर वडगाव रासाईचं. लहानपणी भीमेच्या काठाला पाणी प्यायला आलेल्या मधमाश्यांमागं त्या अनवाणी धावायच्या. लग्नानंतर आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक मोहोळ बसलं. सासूबाई धूर करायला निघाल्या, तर अक्कांनी ते हातानं अलगद काढून लाकडी पेटीत ठेवलं. पुढं तासन्‌तास त्या पेटीपाशी बसायच्या. म्हणायच्या, "नवऱ्यापरीस बऱ्या हायेत बघ. सांजच्याला न चुकता घरी येत्यात." दादांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, रांजणगावच्या कंपनीत पाळी असायची. ते ऐकून नुसतं हसायचे.

एका वर्षी गावातल्या एकानं कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट केला. फुलावर माशी बसली नाही तर बी भरत नाही. त्यानं अक्कांची पेटी महिनाभर मागून नेली आणि परत देताना पैसे हातावर ठेवले. अक्का ते पैसे बघतच राहिल्या. "आगं, ह्याचं कुणी पैसं देतं व्हय?" मग बचत गटातून कर्ज काढून त्यांनी भाड्यानं द्यायला आणखी पेट्या घेतल्या. जामीन म्हणून सही माझी.

आधी माशी चावली तरी अक्का चुना लावून कामाला लागायच्या. गेल्या साली मात्र एक चावली आणि हात खांद्यापर्यंत सुजला. पुढच्या खेपेला अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी रिक्षात घालून शिरूरला नेलं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "मावशी, हा धंदा सोडा. पुढच्या वेळी इथवर पोचणार नाही तुम्ही."

येताना अक्कांनी माझा हात दाबला. "घरात बोलायचं न्हाई. सहा हप्ते ऱ्हायलेत. तुझी सही हाय त्याच्यावर. फिटलं की बंद करू."

मी गप्प राहिले. अक्कांनी सांगितलं म्हणून नाही, सही माझी होती म्हणून. त्यानंतर त्या जाळीची टोपी घालून पेटी उघडायला गेल्या की माझ्या हातातलं काम थांबायचं. झाकण लावल्याचा आवाज आला की पुन्हा सुरू व्हायचं.

दौंडच्या अलीकडच्या त्या शेतात उजाडायला पोचलो. बांधावर पेट्या मांडल्या, दारं उघडली. तेवढ्यात मालकीणबाई ताट घेऊन आल्या. हळदकुंकू, नारळ, पेढे. "आमच्या रानात लक्ष्मी आली," म्हणाल्या. नवा ट्रॅक्टर आला की करतात तसंच. कुंकू लावून घ्यायला अक्कांनी टोपी काढली. जाळीआडून कपाळ कसं पुढं करणार?

अक्कांच्या पाठीमागं शेताचे मालक आप्पा नारळ घेऊन पेटीपाशी वाकले होते. दर ठिकाणी अक्का आधीच बजावायच्या, "मालक, नारळ तिकडं लांब दगडावर फोडा. माझ्या पोरी लई भांडकुदळ हायेत." त्या दिवशी त्यांचं लक्ष ताटाकडं होतं. मला ते वाक्य पाठ होतं. आप्पांचा हात वर गेलेला मी पाहिला. परक्या माणसांपुढं माझा आवाज कधीच फुटत नाही. तेव्हाही फुटला नाही. नारळ पेटीच्या कोपऱ्यावर बसला. माश्या उसळल्या त्या अक्कांच्या उघड्या तोंडावर…

दवाखान्यात न्यायला आप्पांनी स्वतः जीप काढली. मालकीणबाई रडत होत्या, "आमाला काय ठावं वो!" खरंच होतं ते. ठाऊक मला होतं. दौंड दिसायला लागलं तेव्हा अक्कांच्या छातीतली शिट्टी थांबली.

दहावं-तेरावं झालं. दादांनी पेट्या विकल्या. कमी पडलेल्या रकमेसाठी कंपनीतून उचल घेतली. दाराशी येऊन म्हणाले, "पहिलं गटाचं मिटवतो. तुझी सही हाय, तुला घोर नको." मला ते सोसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दादांशी आपणहून बोलले. डॉक्टरांचं सगळं सांगितलं, नारळाचंही.

दादा उंबऱ्यावर बसले.

"डॉक्टरची चिठ्ठी मला तवाच घावली व्हती," ते म्हणाले. "मीबी म्हणलं, सहाच तर हप्ते हायेत."

सोमवारी ते पाळीवर गेले नाहीत. शिरूरला बँकेत जाऊन त्यांनी गटाच्या कर्जाचे उरलेले सगळे पैसे एकदम भरले.