चावडीच्या भिंतीवरच्या रेघा

सून हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळायला लागली, की मला निजामाच्या राज्यातली आमच्या गावची चावडी आठवते. मी लहान असताना एका साली नारूनं घरोघर माणसं पडलेली. माझ्या आईच्या पायातूनही दोऱ्यासारखा किडा निघत होता, अन् आम्ही तो रोज जरा जरा काडीला गुंडाळायचो. चौकशीला चावडीत आलेल्या तहसीलदारांना पाटील म्हणाले, "खालच्या आळीच्या आडाचं पाणी गढूळ हाय, नारू तिथनंच येतो." तहसीलदारांनी आड बुजवायचा हुकूम लिहायला घेतला, तशी त्या आळीतली एक म्हातारी ओरडली, "मग आमी काय तुमचा हुकूम प्यावा का?" सोबतचे डॉक्टर हसून म्हणाले, "साहेब, आधी आजारी तरी मोजू." तहसीलदार म्हणाले, "ठीक है, गिनो." डॉक्टरांनी कोळशानं भिंतीवर तो आड काढला, शेजारी आमची पायऱ्यांची बारव काढली, अन् घरोघर विचारून प्रत्येक आजाऱ्याची रेघ तो जिथलं पाणी पितो त्या चित्राखाली ओढली. बारवेखाली रेघा मावेनात, आडाखाली एकही न्हाई! "तुझी आई दुखरा पाय कुठं बुडवते गं?" त्यांनी मला विचारलं. "बारवेत. तिला गार वाटतं." डॉक्टर म्हणाले, "तिथंच किडा पिलं सोडतो, अन् तेच पाणी तुम्ही न गाळता पिता." तहसीलदारांनी कागद फाडला. नवा हुकूम निघाला: बारवेच्या पायऱ्या बंद करा, वर रहाट बसवा. रहाट बसेपर्यंत आमची आळी त्या आडावरच पाणी भरायची, अन् म्हातारी हसत म्हणायची, "भरा बायांनो, गढूळ हाय बरं!" आता नातू सरकारी कचेरीत आहे. कुठला हुकूम निघणार म्हणाला, की मी विचारते, "घरोघर विचारलं का रे?" परवा तो खरंच वही घेऊन गावात निघाला. मला लई बरं वाटलं.