मावशींचा रोलर

मावशींच्या हातात रोलर असताना शेडमध्ये कोणी बोलायचं नाही, हा तिथला नियम होता आणि तो मी पहिल्याच दिवशी मोडला. "मावशी, हे किती वेळात सुकतं?" एवढंच विचारलं होतं. त्यांनी मान वर न करता मोकळा हात माझ्याकडे धरला, म्हणजे थांब. रोलर पुढे-मागे फिरत राहिला. मग मलाही ऐकू आलं. ओल्या फायबरखाली अडकलेली हवा फुटत होती, चर्र, चर्र, अगदी बारीक. तो आवाज थांबला तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. "हां, आता बोल गो बाय," त्या म्हणाल्या.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होते, वाणगावहून पालघरला कॉलेजला जायचे. कंपोझिट मटेरियल हा विषय आम्ही पुस्तकातून घोटून घोटून पाठ केला होता. काचतंतू कोणत्या दिशेला ठेवले की ताण कुठे जातो, सगळी समीकरणं येत होती. हात मात्र एकदाही चिकट झाले नव्हते. शेवटी प्रोजेक्टसाठी सरांनी आम्हा तिघांना बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये पाठवलं. रसायनांच्या टाक्या, त्यांची झाकणं, असा फायबरचा माल तिथे हातानेच बनायचा. मावशी तिथल्या सगळ्यात जुन्या कामगार, चिंचणीच्या मच्छीमार घरातल्या. बाकीचे कामगार त्यांना मौसी म्हणत. त्यांना मावशी हिंदीत शिकवायच्या आणि चिडल्या की आपल्या बोलीवर यायच्या.

कामाला बसायच्या आधी त्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधून टाकत. मग साच्यावर हाताची मागची बाजू टेकवून तो किती तापलाय ते बघत आणि त्यावर हार्डनर किती घालायचा ते ठरवत. फायबरचे थर चिकटवणारा राळेसारखा द्रव, म्हणजे रेझिन, हार्डनरने घट्ट होतो. तो कमी पडला तर माल दिवसभर चिकट राहतो, जास्त झाला तर हवा बाहेर काढायच्या आत सगळं धरून बसतं. मी वजनकाटा घेऊन बसायचे, त्या बाटलीच्या टोपणाने मोजायच्या. आठवडाभर मी त्यांचं टोपण चोरून काट्यावर तपासलं. चूक सापडली नाही, याचा मला चक्क रागच आला.

प्रोजेक्ट म्हणून आम्ही ड्रोनचा सांगाडा करणार होतो. मावशींनी चित्र बघितलं आणि विचारलं, "ह्याचं करायचं काय?" आम्हाला धड सांगता येईना. मग त्याच म्हणाल्या, "आमच्या होडीचं सुकाणू कुजलंय. ते करा." आम्ही हौसेने वीस प्रश्नांची प्रश्नावली काढली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि खडूने जमिनीवर सुकाणूचं पातं काढून वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं मोडतं. भरतीला खाडीच्या तोंडाशी सगळा जोर हितं येतो. बाकी तुमी शिकलेले हायत." कॉम्प्युटरवर चार दिवस खपून आम्ही ताणाचा नकाशा काढला, तर लाल डाग नेमका तिथेच.

मधे हलकं लाकूड आणि दोन्ही अंगांना फायबरचे थर, असं पातं ठरलं. शेवटचे थर वरच्या कोपऱ्याचे. त्या दिवशी मावशी रोलर फिरवत होत्या आणि मी रेझिन कालवत होते. मी मुळातच उतावळी. संध्याकाळची गाडी चुकली की बोईसर स्टेशनवर तासभर ठोंब्यासारखं उभं राहावं लागतं, आणि घड्याळ तर पुढे पळत होतं. लवकर धरलं की लवकर सुटू, असं म्हणून मी हार्डनर दीडपट घातला. काट्यावर आकडा दिसत होता. तो मी पुसला आणि कप त्यांच्या हातात दिला.

"आज लवकर धरतंय गो," मावशी पुटपुटल्या. "ऊन जास्त हाय." रोलर ओढल्यासारखा चालला होता. मी हात धुतले आणि पळाले. गाडी मिळाली, खिडकीही मिळाली आणि मी स्वतःवर खूश होते.

दोन दिवसांनी पातं साच्यातून काढलं. सरही आले होते. मावशींकडे जुन्या होडीतून निघालेला एक पितळी खिळा होता, त्याच्या डोक्याने त्या प्रत्येक माल वाजवून बघत. टण, टण, टण करत त्या वरच्या कोपऱ्याशी आल्या आणि आवाज बसला. थप. पुन्हा थप. त्यांनी खडूने तिथे गोल काढला. सरांनी करवत मागवून तो कोपरा कापला. आत फायबर कोरडं, पांढरं, रेझिन पोचलेलंच नव्हतं.

"ही माजी चूक," मावशी म्हणाल्या. "माजा रोलर नीट फिरला नाय."

मी तोंड उघडलं नाही. सर म्हणाले, काही हरकत नाही, दोष सापडला हेही शिक्षणच, रिपोर्टात लिहा आणि दुसरं बनवा. मी मान डोलावली. मार्कांची भीती होती म्हणावं तर तेही खरं नाही. एका गाडीसाठी मी हे केलं, हे सांगायची लाज वाटली.

मधे आमच्या परीक्षा होत्या. दोन आठवड्यांनी शेडवर गेले तर मावशी कोपऱ्यात बसून झाकणांच्या कडा घासत होत्या. ते काम नवख्यांचं. रोलर दुसऱ्याच कोणाच्या हातात होता. मला वाटलं मालकाने बाजूला केलं. दुसऱ्या एका कामगाराला विचारलं तर तो म्हणाला, "मौसी ने खुद बोला।"

नळावर मी त्यांना गाठलं. "ॲसिडच्या टाकीचं काम आलंय," त्या सांगू लागल्या. "त्यात आशी जागा ऱ्हायली तर कुनाच्या अंगावर फुटंल. हात गेला माजा. का कान गेला, तेच समजत नाय. त्या दिशी फिरवताना आवाज कसा नाय आला?" नवऱ्यालाही त्यांनी सांगून टाकलं होतं, सुकाणू लाकडाचंच करून घे.

मग माझ्याने राहवेना. दीडपट हार्डनर, गाडी, पुसलेला आकडा, सगळं एका दमात सांगितलं. नळ वाहत होता.

"म्हंजे हात नाय गेला?"

"नाही मावशी."

"माजी चूक नाय?"

"नाही. माझी."

त्या मोठ्याने हसल्या. शेडकडे तोंड करून ओरडल्या, "अरे, हाथ ठीक है मेरा!" आत कोणाला काही कळलं नाही. मी मार खायच्या तयारीत उभी होते आणि ही बाई लहान मुलीसारखी आनंदली होती. मग हसू हळूहळू गेलं. "दोन हप्ते गो," त्या म्हणाल्या. "दोन हप्ते मला झोप नाय." मी रडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. नळ बंद केला, आत जाऊन आपला रोलर परत हातात घेतला आणि कामाला लागल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत आणि मला तेच बरोबर वाटलं.

रिपोर्टात दोषाच्या कारणापुढे मी माझंच नाव लिहिलं. एवढं लिहायची गरज आहे का, असं सरांनी विचारलं. आहे, म्हटलं.

दुसरं पातं करताना मावशींनी रोलर माझ्या हातात दिला आणि कप स्वतः धरला. माझ्या गाडीची शिटी ऐकू आली. त्या गालात हसल्या, मी मान वर केली नाही. चर्र, चर्र आवाज पूर्ण थांबेपर्यंत फिरवत राहिले. खांदे भरून आले. ही बाई हे काम इतकी वर्षं दिवसभर करते आणि संध्याकाळी घरी जाऊन मासे साफ करते, हे माझ्या हातांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पातं साच्यातून निघालं तेव्हा त्यांनी पितळी खिळा माझ्यापुढे केला. मी ते इंच इंच वाजवलं. वरचा कोपरा तीनदा. सगळीकडे टण.

व्हायवा झाल्यावर आम्ही पातं चिंचणीला घेऊन गेलो. मावशींचा नवरा होडीपाशी उभा होता. त्याने पातं उचलून वजन बघितलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि बायकोला विचारलं, "वाजवून बगितलंस?"

"तिनं बगितलंय," मावशी म्हणाल्या आणि पात्याचं दुसरं टोक धरून होडीकडे चालू लागल्या.