लायसनवाली अर्पिता

वालूरच्या व्यंकटराव गुरुजींनी भाचीच्या साखरपुड्यात फोटोवाल्याकडून रिमोट हट्टानं मागून घेतला, आणि ड्रोन थेट व्याह्यांच्या फेट्यावर उतरवलं. फेट्यामुळं डोकं वाचलं. गुरुजींनी दोष वाऱ्याला दिला.

पंधरा दिवसांनी त्यांच्या तुरीवर अळी पडली, तेव्हा फवारणीचं ड्रोन घेऊन मानवतहून अर्पिता आली. घरची कापसाची शेती. बारावीनंतर पुण्याला आठवडाभर राहून, परीक्षा देऊन तिनं लायसन काढलेलं. पण तास झाला तरी ड्रोन जमिनीवरच. तिनं विजेच्या तारा पाहिल्या, वारा पाहिला, आणि शेजारच्या रानात सोयाबीन कापणाऱ्या बायकांना पार बांधापलीकडं जायला सांगितलं. बायका गप्पा मारत, रमतगमत निघाल्या. इकडं अळीचं जेवण चालूच होतं.

"अगं, फवारायलीस का पूजा मांडायलीस?" गुरुजी म्हणाले. "ऊन चढायलंय."

"बायका जाऊ द्या, गुरुजी. मग उडवते."

"मग लायसन कशाला काढलंस? लायसनवाल्याचं ड्रोन पडतं का कुठं?"

शेवटची बाई बांधापलीकडं गेल्यावर अर्पितानं रिमोट हातात घेतला.

"माझं दोनदा पडलंय, खाली कुणी नव्हतं."