दिगंबरची दाटीवाटी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, छावणीतली सगळी गुरं संगणकाच्या चिमुकल्या स्मृतीत दाटीवाटीनं बसवणारा माझा मित्र दिगंबर गेल्या महिन्यात वारला. बातमीचा फोन ठेवला आणि आधी आठवली ती फाटकाशी हंबरणारी गुरं...

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. बेंबळीजवळ आमच्या सहकारी संघाची चारा छावणी होती आणि संघात नवाकोरा संगणक, तो दिगंबर आणि मी चालवायचो. "माझा बैल त्याच्या म्हशीसंगं एका फायलीत न्हाय चालायचा," म्हणून एकेक मालक अडून बसला. शेवटी प्रत्येक जनावराची चार ओळींची वेगळी फाईल झाली. संगणक एकदा वाचलेली फाईल जवळच्या स्मृतीत ठेवतो, म्हणजे पुन्हा डिस्क धुंडाळावी लागत नाही. पण आमचा संगणक चार ओळींनाही अख्खा कप्पा द्यायचा. उरलेली जागा रिकामी, तरी दुसऱ्याला बंद. कप्पे भराभर संपायचे, आधीच्या फायली बाहेर पडायच्या, आणि चारा, पेंड, औषध, दर चिठ्ठीला डिस्कची घरघर पुन्हा सुरू. संगणकाच्या चिठ्ठीशिवाय चारा मिळत नसे, त्यामुळं दुपार कलायची, गुरं फाटकाशी हंबरत राहायची. एक वासरू तिथंच बसलं, ते उठलंच नाही. त्या दिवसापासून दिगंबरला जेवण जाईना. त्याच्या आईची गायही त्याच रांगेत होती.

त्यानं कर्नलला, म्हणजे संगणकाच्या मुख्य कारभाऱ्यालाच, हात घालायचं ठरवलं. डिस्कवर फायली वेगळ्याच राहतील. स्मृतीत मात्र एका कप्प्यात बऱ्याच बसतील.

"आणि दोन फायलींची हद्द चुकली तर?" मी विचारलं.

"तर एकाचा चारा दुसऱ्याला. न्हायतर मशीन उठायचंच न्हाय."

"मग राहू दे की."

"राहू दे? उद्या कुणाचं वासरू, ते तू सांग."

बदल केल्यावर पहिली चिठ्ठी आईच्या गायीची काढली. तांबडी, डावं शिंग मोडकं... आणि मालकाच्या जागी भलत्याचंच नाव. दिगंबर पांढराफटक पडला. बाहेर हंबरडे वाढत होते, दारावर थापा पडत होत्या. त्यानं हद्द दुरुस्त केली, मशीन बंद करून चालू केलं. पडदा काळाच राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग अक्षरं उमटली. चिठ्ठी आली: तीच गाय, आईचंच नाव. पाठोपाठ चिठ्ठ्यांची रीघ लागली, डिस्क जवळजवळ मुकी.

खिडकीच्या गजातून चिठ्ठी ओढून घेत त्याची आई म्हणाली, "तुझ्या मशिनीचं पोट भरलं असंल, तर आता गायीला खाऊ दे."