दूध पाजायची सुट्टी

तुमचे आजोबा गेल्यावर मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमची आई नुकतीच परदेशी गेली होती. वसाहतीची सुट्टी शुक्रवारी, माझ्या ओळखीच्या सगळ्यांची रविवारी. शुक्रवारी मी कपाटं आवरायची, आवरलेली असली तरी.

कारखान्यात कामगारांचे कायदे पाळले जातात की नाही, हे पाहणं माझं काम. ऑफिसात मी एकटीच बाई. पॅकिंगमधल्या बायका डबा खाताना खिदळायच्या. मी जवळून गेले की गप्प व्हायच्या.

त्यांतली एक बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली. मूल तीन महिन्यांचं, वरचं दूध त्याला पचत नव्हतं. इकडे तिचा ब्लाउज भिजायचा, म्हणून ती पदर घट्ट लपेटून काम करायची. मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, राजीनामा घ्या तिचा. मूल मोठं झालं की बघू." गेलेली नोकरी परत मिळत नाही, हे तिलाही कळत होतं. नवऱ्याला रोज काम नव्हतं.

मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा जादा सुट्टी द्यावीच लागते. मी कायद्याचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं.

"सुट्टी लिहिलीय. जागा कुठं लिहिलीय?" ते म्हणाले.

"जागा मी बघते."

सासूनं मूल घेऊन यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. वॉचमन हात आडवा करून उभा होता.

"मॅडम, तुमीच पाटी लावलीय ना? चौदा वर्षांखालचा आत नाय सोडायचा."

बालकामगार नकोत म्हणून ती पाटी मी लावली होती, हे खरं.

"अरे मुडद्या, याला दात तरी आलेत का?" सासू कडाडली. "हा काय तुझी मशीन चालवणार? पगार नको त्याला, दूध पायजे!"

वॉचमनसकट सगळे हसले. मी सासूला आणि बाळाला माझ्या केबिनमध्ये नेलं, बाकावरच्या फायली उचलल्या.

तेव्हापासून रोज दोनदा बाळाची आई तिथं बसायची, माझ्याकडे पाठ करून. पिऊन झालं की बाळ तिच्या खांद्यावरून माझ्याकडे टक लावून बघायचं. सासू दारातल्या पायरीवर. "जेवलीस का गो?" ती मला विचारायची. त्या गावात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस बाळाची आई एकटीच आली. "मॅडम, उद्यापासून नको. भात खातो तो आता. सासूला पण लावणीला जायचंय."

"कायद्यानं अजून दोन महिने आहेत तुझे," मी म्हणाले.

"हायेत, पण त्यानंच सोडलं," ती हसली आणि कामावर गेली. तिची नोकरी टिकली होती. दुपारी तिचं हसणं मला जेवणाच्या शेडमधून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मी सवयीनं उठले, बाकावरच्या फायली उचलून टेबलावर ठेवल्या. मग त्या परत बाकावर ठेवल्या आणि कामाला बसले.