झडपेचं रबर आणि अर्धा डबा हळद

आमच्या बोटीत पाणी खालून कधीच आलं नाही. ते नेहमी वरून यायचं.

बोट शिडाची, पंचवीस फुटी, फायबरची आणि वयानं आमच्या थोरल्या मुलीच्या बरोबरीची. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतात. मी मुंबईच्या एका गृहस्थांकडून ही बोट घेतली. (एवढ्या स्वस्तात का देताय, हे विचारायचं राहून गेलं.) पावसाळ्यात ती मुरुडला आमच्या वाडीत, नारळांच्या मधे, टेकू लावून उभी असते. आत दोन बाकं, एक शेगडी आणि पुढच्या टोकाला झोपायची जागा. त्या जागेच्या बरोबर वर, छपरात, उजेड-वाऱ्यासाठी एक चौकोनी झडप आहे. झडपेच्या कडेनं रबराची पट्टी असते आणि पाणी आत येऊ न देणं एवढंच तिला काम असतं. आमच्या पट्टीनं तेही सोडलं होतं.

बायकोनं, म्हणजे रजनीनं, आतून दोन ओल्या उशा आणि माहेरची चिंब गोधडी काढून दोरीवर टाकली आणि मगच तोंड उघडलं. शेजारच्या रिसॉर्टच्या मालकाला लॉनवर उभी करून भेळ विकायला एक बोट हवी होती. तो टेप लावून आमच्या बोटीची मापंही घेऊन गेला होता. रजनीनं मला नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली.

"मी स्वतः तपासणार. आत एक थेंब जरी पडला, तरी बोट त्याच्या लॉनवर."

त्या बोटीवर माझा फार जीव आहे. तिच्या खिडकीतून कोणी शेवपुरीची प्लेट बाहेर देतंय, हे बघणं मला सोसलं नसतं.

मोबाइलवर एका गोऱ्या माणसानं दहा मिनिटांत पट्टी बदलून दाखवली होती. मला नुसती जुनी काढायलाच तीन दिवस लागले. वाळलेला गोंद खरवडायला मी स्वयंपाकघरातलं उलथणं नेलं (ते आता बोटीच्या मालकीचं आहे). बाजारातून नवं रबर आणलं, गोंद लावला, पट्टी बसवली. गोंद वाळेपर्यंत झडप उघडी ठेवायची, असं त्या माणसानं बजावलं होतं. पण त्याच्या गावात श्रावण नसावा. सर आली, मी घाईनं झडप लावली, आणि दुसऱ्या दिवशी ती उघडेचना! वाराही शिरणार नाही अशी चिकटून बसली होती. तरीही उशी ओली होती. शहाण्या माणसाच्या डोक्यात इथेच उजेड पडला असता. मी सुरीनं कापून झडप सोडवली आणि आणखी जाड रबर आणायला बाजारात गेलो.

ते इतकं जाड निघालं की झडप लागेना. मग मी तिच्यावर बसलो. रजनी चहा घेऊन आली तेव्हा मी बोटीच्या माथ्यावर छत्री उघडून बसलो होतो. चहा शिडीच्या पायरीवर ठेवून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी उशी ओलीच.

आता मात्र मला एक वेगळाच आजार जडला. पाणी येतं कुठून? जेवताना वरणाचा ओघळ भातावरून कुठे वळतो, ते मी बघत बसू लागलो. न्हाणीघरात तांब्या उताणा, उपडा करून बघायचो. रजनीनं त्या दिवसांत मुलीला फोन करून माझ्या तब्येतीबद्दल काळजी बोलून दाखवली होती, हे मला पुढे कळलं.

शेवटी शेजारच्या एकदरा गावच्या कासीमचाचांना बोलावलं. चाचांनी जन्मभर लाकडी होड्या बांधल्या. माझ्या रबराकडे त्यांनी दुसऱ्याच्या कवळीकडे बघावं तसं बघितलं.

"साहेब, तुम्ही दरवाजाच्या मागं लागलाव," ते म्हणाले. "पाणी काय दरवाजा बघून येत न्हाय. आतून सुकी भुकटी लावा नि वरून पाणी सोडा. वाट तेच दाखवील."

चाचांच्या मनात राख होती. आमच्याकडे गॅस, राख कुठली? म्हणून मी रजनीनं वर्षाची दळून ठेवलेली हळद घेतली आणि अर्धा डबा छताला चोळला.

पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. मी आत उताणा पडलो, तोंड झडपेखाली, हातात बॅटरी. वर रजनी, नारळांना पाणी घालायचा पाइप घेऊन, आणि खाली शिडीपाशी चाचा. पाणी सुरू झालं. मिनिटभर काहीच नाही. झडप ठणठणीत कोरडी. मी आनंदानं ओरडणार, एवढ्यात झडपेच्या वीतभर पुढे हळदीत एक बारीक ओली रेघ उमटली. ती छताच्या उतारानं निवांत झडपेपर्यंत आली, चौकटीच्या कडेला थोडी थांबली आणि तिथून माझ्या कपाळावर पडली. इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी हलायचंच विसरलो. मग दुसरी रेघ आली, आणि तिच्यामागून हळदीसकट सगळंच.

कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळा होऊन मी बाहेर आलो. चाचांनी मला लग्नाची मुबारकबाद दिली. वर चढून आम्ही ती जागा शोधली. तिथे एक पितळी कडी होती, दोन स्क्रूंनी बसवलेली. बोट आणली त्याच आठवड्यात, तिला दृष्ट लागू नये म्हणून, लिंबू-मिरची टांगायला मी ती लावली होती. दोऱ्यानं बांधा, असं रजनी तेव्हा म्हणाली होती. मी ड्रिल मशीन आणलं होतं. छपराला आरपार दोन भोकं आणि त्यांत कणभरही गोंद नाही.

चाचांनी कडी हलवून बघितली आणि ही कोणा गाढवानं बसवली, असं विचारलं. मी कानातली हळद काढू लागलो. मुदतीला दोन दिवस होते, पण थेंब रजनीच्याच पाण्यानं पडला होता. शर्तीप्रमाणे बोट गेली होती. रजनीनं पाइप बंद केला, हात पुसले आणि तिथूनच रिसॉर्टवाल्याला फोन लावला.

"बोट नाही द्यायची," ती म्हणाली. "तिच्यात काही दोष नाहीये, आत्ताच तपासलं. पण लॉनवर उभं करायला काहीतरी हवंच असेल, तर ह्यांना घेऊन जा. रंग दिलेलाच आहे."

पलीकडून त्यानं विचारलं, पावसात बाहेर ठेवले तर टिकतील का. रजनीनं मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नाही म्हणून सांगितलं, म्हणून मी आजही घरात आहे.