स्टँडमधला तपकिरी कोट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. उलट मी जात्याच संशयी. आई म्हणते, "हिला देवळात प्रसाद दिला तरी एक्स्पायरी डेट विचारेल." पण मागच्या ऑक्टोबरपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितेय.

मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्स करते. पार्टटाइम काम लायब्ररीच्या तळघरात — कॉलेज फुटबॉलच्या जुन्या, मूक फिल्म्स स्कॅन करायच्या आणि मॅच कोणत्या सालची, कोणाविरुद्ध, ते नोंदवायचं. बऱ्याचशा व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या. प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये इकडे युद्ध थांबवा म्हणणारे बोर्ड, तिकडे शेजारच्या राज्यातल्या कॉलेजला शिव्या घालणारे. आवेश दोन्हीकडे सारखाच.

एका दुपारी रूथ नावाच्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा धाकटा भाऊ टॉमी त्या युद्धात मेला.

"फोटो आहेत गं, पण तो हलायचा कसा, हसायचा कसा, तेच विसरलेय," त्या म्हणाल्या. "युद्धावर जायच्या आधी तो आईबरोबर शेजारच्या राज्यातल्या कॉलेजविरुद्धच्या मॅचला गेला होता. तेवढी फिल्म मिळेल का?"

त्या मॅचेसच्या फिल्मचे सगळे डबे उघडले आणि चौथ्या दिवशी एका रंगीत फिल्ममध्ये तो सापडला. रूथनी दाखवलेल्या फोटोतल्यासारखेच बाहेर आलेले कान, एक खांदा उतरलेला. अंगात तपकिरी कोट. शेजारी डोक्याला स्कार्फ बांधलेली आई.

फक्त डब्यावरचं साल त्याच्या मृत्यूनंतरचं होतं.

म्हटलं, लेबल लावणाऱ्याने घोळ घातलाय. फिल्ममधला स्कोअरबोर्ड कॉलेजच्या जुन्या पेपरशी ताडून पाहिला. लेबल बरोबर होतं. टॉमी जायच्या आधीची मॅच आपण जिंकलो होतो, या फिल्ममध्ये सपाटून हरत होतो.

रूममेट अदिती म्हणाली, "यार, कोणीतरी एडिट केलं असणार." पण डबा मीच उघडला होता, स्कॅनही मीच केलं होतं. मग मला रूथचाच संशय आला. भाऊ सैन्यातून पळून आला असेल, घरच्यांनी लपवला असेल. पण लपवलेल्या माणसाला कोणी भर स्टेडियममध्ये नेतं का?

त्या आल्यावर मी आडून आडून विचारलं, "शवपेटी आली होती का?"

"आली. सीलबंद. उघडू नका म्हणाले."

झालं, आता माझा संशय थेट वॉशिंग्टनवर. तेव्हाच्या सरकारने युद्धाबद्दल काय काय दडवलं ते मी वाचलंय. पेटीत दुसराच कोणी असेल तर?

सालाबद्दल काही न बोलता मी क्लिप लावली. रूथ हसल्या, स्क्रीनला बोट लावलं. मग बोट कोटावर थांबलं.

"हा कोट त्याने कधी घातलाच नाही. तो तिकडे असताना आईने शिवला होता, परत आल्यावर घालायला म्हणून. कोणत्या सालची आहे ही?"

खोटं सांगावंसं फार वाटलं. जीभ रेटेना. खरं ते सांगितलं.

त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. मग म्हणाल्या, "त्या मॅचहून आई खुशीत घरी आली होती. म्हणाली, टॉमी येऊन शेजारी बसला, कोट छान बसलाय त्याला. मला भीतीच वाटली. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला मनोरुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. ती तिथेच गेली. भेटायला गेले की दर वेळी म्हणायची, रूथ, तू तरी विश्वास ठेव."

 

त्यानंतर मी ती फिल्म शंभरदा पाहिली असेल. तसलाच दुसरा कोट असेल, तसल्याच कानांचा दुसरा मुलगा असेल... एकही उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

त्या दुपारी रूथनी क्लिप परत लावायला सांगितली. या वेळी त्या टॉमीकडे बघतच नव्हत्या. आईकडे बघत होत्या. फिल्ममध्ये ती त्याच्या कोटाची कॉलर नीट करत होती आणि अगदी शहाण्या माणसासारखी हसत होती.